निकाल लागेपर्यंत

शांतता नेमकी कुणामुळे अडली, याचा निकाल आमच्या जिन्यावर दर शनिवारी सकाळी लागत असे आणि पुढच्या शनिवारपर्यंतही टिकत नसे.

हायफाच्या अब्बास रस्त्यावर आमची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक अबू रफीकचं. मध्ये जिन्याचा चौक. त्याला एक खिडकी आहे आणि खिडकीतून बंदर दिसतं. त्या खिडकीपाशी दोन घडीच्या खुर्च्या टाकून माझा नवरा नाजी आणि समोरचा अबू रफीक भांडायचे. चाळीस वर्षं भांडले. नाजी फ्रिज दुरुस्त करायचा, अबू रफीक अरबी शाळेत इतिहास शिकवायचा. म्हणून नाजी त्याला ‘उस्ताद’ म्हणायचा. त्यात निम्मा मान असायचा आणि निम्मी चेष्टा.

शनिवारी आमच्या घरात विस्तव पेटत नाही. आम्ही बगदादचे यहुदी, फार सोवळे नाही, पण तेवढं पाळतो. शुक्रवारी संध्याकाळी भाताचं आणि कोंबडीचं पातेलं मंद आचेवर ठेवायचं आणि झाकणावर अंडी रचायची. सकाळपर्यंत ती आतून बाहेरून बदामी होतात. ती अंडी, तळलेली वांगी आणि अंबा, म्हणजे कैरीचं पिवळंधमक लोणचं, असं ताट माझ्याकडून खिडकीपाशी जायचं. कॉफी मात्र समोरून यायची, कारण तिकडे गॅस पेटायचा. अबू रफीकची बायको सलवा वेलदोडा घालून, साखर घालून मोठ्या पितळी भांड्यात कॉफी उकळायची. असं आमचं वाटून घेतलेलं होतं.

“उस्ताद,” नाजी अंडं सोलता सोलता सुरू करायचा, “देत होते तेव्हा तुमच्या लोकांनी घेतलं नाही. हात पुढे केला की तुमचे पुढारी खिशात हात घालून उभे.”

“एक हात पुढे केला होता,” अबू रफीक म्हणायचा. “दुसऱ्या हाताने त्याच जमिनीवर सिमेंट ओतणं चालूच होतं. त्याला बोलणी म्हणत नाहीत, बाबा. वेळ काढणं म्हणतात.”

“आणि बसमध्ये बॉम्ब ठेवायचे त्याला काय म्हणतात?”

“पाप म्हणतात. मी कधी दुसरं काही म्हटलंय?”

“तू म्हणतोस रे. तुझे पुढारी म्हणाले का?”

“तुझे म्हणाले का? त्यांच्या हातून काय काय झालं त्याबद्दल एक तरी शब्द?”

मग साल कुठलं धरायचं यावर गाडी अडायची. अबू रफीक अठ्ठेचाळीसपासून मोजायचा. तेव्हा तो रांगत होता आणि त्याची थोरली बहीण विदाद मावशीबरोबर बोटीत बसून लेबनॉनला गेली होती. थोड्या दिवसांत परत येणार होती. नाजी एक्कावन्नपासून मोजायचा. तेव्हा त्याच्या बापाने बगदादच्या घराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली होती, आणि ते घरही परत मिळालं नाही. शेवटी सलवा दारातून ओरडायची, “कप रिकामे झाले. खटला तहकूब!”

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते की दोघांचंही खरं आहे, आणि आपल्या बाजूचं जिथे लाजिरवाणं आहे तिथून दोघंही चपळाईने पुढे सटकतात. त्या वयात एवढी चपळाई दुसऱ्या कशातच उरली नव्हती.

पण माणसं चांगली होती. टीव्हीवर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले तेव्हा हे दोघं जिन्यात नाचले, आणि सलवाने चीज घातलेला गोड कनाफा सगळ्या इमारतीला वाटला. दोन वर्षांनी आमच्याच एका पोराने आमच्या पंतप्रधानाला गोळ्या घातल्या, तेव्हा अबू रफीक येऊन नाजीशेजारी नुसता बसला.  पुढे शहरातल्या बस उडू लागल्या, तेव्हा सलवा माझ्या दोन्ही पोरांना पोचल्याचे फोन करायला लावायची. अबू रफीकच्या मुलाला, रफीकला, नोकरीवरून काढलं, तेव्हा नाजी जाऊन मालकाशी भांडून आला. सगळ्या देशाचं घोंगडं भिजत पडलं होतं, पण आमच्या चौकात दर शनिवारी खुर्च्या मांडल्या जात होत्या.

रफीकच्या लग्नाच्या मागणीला तर नाजी मानकरी म्हणून नाझरेथला गेला होता. काहीतरी मागायला गेलेल्या पाहुण्यांनी कशी कॉफी घ्यायची, हे तेव्हा त्याला नव्याने शिकवावं लागलं. कडू कॉफीचा छोटा कप हातात येतो. पाहुणा तो न पिता समोर ठेवतो. यजमानाला कळतं की मागणं आहे. तो म्हणतो, ‘पी, ज्यासाठी आलास ते दिलं,’ आणि मगच पाहुणा कप तोंडाला लावतो. यजमानाने दिलं म्हटलं की दिलं, मग शब्द मागे घेता येत नाही. नाजीच्या बापाला बगदादमध्ये हे सगळं ठाऊक होतं, पण नाजी कॉफीचा अधाशी. ऑगस्टचा उकाडा, तासाभराचा प्रवास. तो कप उचलून ओठांपर्यंत नेतोय तोच अबू रफीकने कोपर असं मारलं की अर्धी कॉफी विजारीवर. “नवरी हातची घालवत होतास,” अबू रफीक नंतर वीस वर्षं ऐकवत होता.

एवढं सगळं निभावलं, आणि मोडलं ते तळघरात.

त्या शरदात लेबनॉनकडून रॉकेटं येत होती. भोंगा झाला की सगळी इमारत तळघरातल्या आसऱ्याच्या खोलीत. आमचा नातू इदान उत्तरेला तोफखान्यावर होता. अबू रफीकची विदाद तिकडे सैदाजवळ होती, पंच्याऐंशीच्या पुढची, आणि तिच्या भागावर आमची विमानं बॉम्ब टाकत होती. तिचा फोन लागत नव्हता. त्या संध्याकाळी वर काहीतरी जवळच पडलं, दिवा हलला, कुणाचं तरी मूल रडायला लागलं. अबू रफीक फोन कानाला लावून बसला होता. तो एकदम म्हणाला, “तिकडे तोफा कोण डागतंय? आपला इदानच ना?”

नाजी पांढराफटक पडला. त्यालाही इदानचा फोन दोन दिवस आला नव्हता.

“तुम्हाला शांतता कधी नकोच होती,” तो म्हणाला. “आता भोगा.”

चाळीस वर्षं तो ‘तुमचे लोक’ म्हणत आला होता. त्या संध्याकाळी ‘तुम्ही’ म्हणाला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला गेले, पण उशीर झाला होता. भोंगा थांबला तसा अबू रफीक उठला आणि सलवाचा हात धरून जिना चढून गेला.

त्या शनिवारी मी अंडी घेऊन दार वाजवलं. सलवाने घेतली. दुपारी ताट आमच्या दाराशी होतं, वर रुमाल झाकलेला, अंडी जशीच्या तशी. मला एवढा राग आला की सांगता येत नाही. माझ्या अंड्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं? मी ती सगळी उभ्या उभ्या स्वतः खाल्ली आणि दिवसभर पोट धरून पडले.

त्यानंतर शनिवारी नाजी शुक्रवारची कॉफी थर्मासमधून ओतून प्यायचा. “मला कोमटच आवडते,” म्हणायचा. खोटारडा.

हिवाळ्यात विदाद गेली. रॉकेटं थांबली होती, पळापळीतून ती आपल्या घरी परतली होती, आणि एका सकाळी उठली नाही. इथून तिथे गाडीने जायचं म्हटलं तर दुपारचं जेवण तिकडे घेता येईल एवढं अंतर. पण मधली सरहद्द काही उघडत नाही. भावाला बहिणीच्या मातीला जाता आलं नाही. सगळ्या आयुष्यात ती दोघं एकदाच भेटली होती, सायप्रसच्या एका हॉटेलात, आणि तेव्हाही तिने त्याच्या हनुवटीवरची लहानपणची खोक आधी शोधली होती.

तीन दिवस समोरचं दार भेटायला येणाऱ्यांसाठी उघडं होतं. मी गेले. कडू कॉफी प्यायले, सलवाच्या शेजारी बसले. अबू रफीकने मला हात जोडल्यासारखं केलं.  माझ्या खांद्यावरून तो आमच्या बंद दाराकडे पाहत होता.

त्या दाराच्या आत काय चाललं होतं ते मला माहीत होतं. नाजीने सकाळीच दाढी केली, कोट चढवला, बूट घातले आणि दाराशेजारच्या खुर्चीवर बसला. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी बूट काढायचा.

“अरे, जा ना,” मी म्हणाले. “बूट घातलेत तर जा.”

“जातो,” म्हणायचा. आणि बसून राहायचा.

नंतर मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. कुणाशीच न बोलणारी दोन म्हातारी एका घरात, म्हणजे काय घर म्हणायचं ते.

वसंतात, बाजारात हिरवे बदाम आले तेव्हा, मला सलवा वादी या अरब वस्तीच्या भाजीबाजारात भेटली. तिने बदामांची पिशवी घेतली आणि तिथेच पाटीवर टेकून म्हणाली, “मार्सेल, आम्ही चाललो.”

“कुठे?”

“जर्मनीला, डॉर्टमुंडला. रफीककडे. तो आलाय न्यायला. पुढच्या सोमवारचं विमान.”

“परत कधी?”

तिने एक बदाम मिठात बुडवून चावला. 

“तुला जायचंय?” मी विचारलं.

“मला? तिथे मी काय करू? रफीकच्या घरात खिडकीतून दुसरी खिडकी दिसते.” ती रडत नव्हती, चिडली होती. “यालाही जायचं नाही. रात्री झोपेत बडबडतो, सकाळी बॅग भरतो. म्हणतो, या जिन्यातून चढताना आता माझा श्वास कोंडतो. समोरचं दार बघवत नाही म्हणतो.”

“मग बोल म्हणावं की एकदा.”

“तो कसा बोलेल? घरात मयत झालेला तो. येणं तुमच्याकडून व्हायला हवं. आमच्याकडे ज्याची चूक तो दार वाजवतो.”

“आमच्याकडेही तसंच,” मी म्हणाले. “तेच तर दुखणं आहे.”

घरी येऊन मी नाजीला सांगितलं. तो टेबलावर कुणाचा तरी जुना पंखा उघडून बसला होता. त्याने स्क्रू खाली ठेवले.

“बरं आहे,” म्हणाला. “मुलगा आहे, सून आहे. बघतील.”

“बरं आहे काय? सोमवारी तो गेला की तू परत त्याला बघणार नाहीस. तुझं वय काय, त्याचं काय. तू जा त्याच्याकडे.”

“मी गेलो म्हणजे काय होतं तुला कळतं का? मी दार वाजवलं म्हणजे मी कबूल केलं. सगळं. अठ्ठेचाळीसपासूनचं. तो तसंच धरेल.”

“तू काय सरकार आहेस? फ्रिज दुरुस्त करणारा माणूस तू. तू दार वाजवलंस म्हणून कुणी नकाशे बदलणार नाही.”

“त्याच्या जागी मी असतो तर मीही तसंच धरलं असतं,” नाजी म्हणाला, आणि पंख्याचं पातं नुसतंच पुसत बसला. पुसता पुसता त्याचे हात थांबले. “चाळीस वर्षं मी त्याला सांगतोय की तुमच्या लोकांमुळे अडलं. आता म्हणू की नाही, माझ्यामुळे?”

मला तेव्हा त्याची कीव आली. दोन्ही देशांचे पुढारी मोठमोठ्या गाड्यांतून फिरतात, रात्री शांत झोपतात, आणि कुणामुळे अडलं याचं ओझं माझ्या नवऱ्याच्या पाठीवर. पण कीव आली म्हणून मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

“ते मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मला एवढंच माहीत आहे की शनिवारी मी ताट घेऊन जाणार. तू बूट घालून बस.”

शनिवारी मी अंडी, वांगी, अंबा सगळं नेहमीसारखं मांडलं. ताट उचललं आणि दाराशी आले तर नाजी त्याच्या खुर्चीत, दाढी केलेली, कोट, बूट. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ओरडले असते. दार उघडून समोरची बेल दाबली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

रफीकने दार उघडलं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, दातांचा डॉक्टर. हॉलमध्ये बॅगा उभ्या होत्या, भिंतीवरून फोटो उतरवले होते आणि तिथे चौकोनी पांढरे डाग राहिले होते. मी आत गेले. माझ्यामागून नाजी आत आला.

अबू रफीक कोचावर बसला होता. तो उठला. कितीही राग असला तरी पाहुणा आला म्हणजे हा माणूस उठतो. नाजी त्याच्या शेजारी, नेहमीसारखा फतकल मारून बसला नाही. समोरच्या खुर्चीच्या कडेवर, गुडघे जुळवून बसला, जसा नाझरेथला बसला होता.

“बरा आहेस?” अबू रफीक म्हणाला.

“देवाची कृपा. तू?”

“देवाची कृपा.”

सलवाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला खरंच काही माहीत नव्हतं. ती आत गेली आणि कॉफी घेऊन आली. साखरेची नाही. कडू, छोट्या बिनकानाच्या कपांत. तिला माझ्याआधी कळलं होतं बहुतेक.

नाजीने कप घेतला. त्यातून वाफ येत होती, वेलदोड्याचा वास खोलीभर झाला. सहा महिने थर्मासची कोमट कॉफी प्यायलेला माणूस. त्याने कप उजव्या हाताने समोरच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

“नाजीकाका, घ्या ना, गार होतेय,” रफीक म्हणाला. जर्मनीत राहून विसरला होता.

“तू गप्प बस,” त्याची आई म्हणाली.

अबू रफीक त्या कपाकडे पाहत राहिला. मी त्याचा चेहरा पाहत होते. आधी तो कडक होता. मग हनुवटी हलली, ती खोक असलेली हनुवटी. सहा महिने तो याच गोष्टीची वाट पाहत होता की समोरचा माणूस येऊन त्याच्या घरात कप खाली ठेवेल. आता तो आला होता, आणि आणखी ताणून धरण्याची ताकद अबू रफीकमध्ये उरली नव्हती.

“पी, अबू एझ्रा,” तो म्हणाला. आमच्या थोरल्या मुलाच्या नावाने, मानाने हाक मारली त्याने. “ज्यासाठी आलास ते दिलं.”

नाजीने कपाला हात लावला नाही. “काय मागायला आलोय ते विचार तरी.”

“विचारायचं काय त्यात? मला दिसत नाही का? माझ्या बापाने कधी विचारलं नाही, त्याच्या बापाने विचारलं नाही. दिलं म्हणजे दिलं. पी.”

“उस्ताद, विचार. नंतर म्हणशील—”

“पी म्हटलं ना!”

मग नाजीने कप उचलला, डोळे मिटून एका घोटात प्यायला आणि बास म्हणून कप हलवून सलवाच्या हातात दिला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. वाटलं, झालं एकदाचं. माफी मागतील, गळ्यात पडतील, आणि मग सोमवारी विमान. निदान तेवढं तरी.

“आता सांग,” अबू रफीक म्हणाला. अगदी हळू.

“निकाल लागेपर्यंत जायचं नाही,” नाजी म्हणाला.

“कसला निकाल?”

“शांतता कुणामुळे अडली त्याचा. चाळीस वर्षं चाललेला खटला आहे आपला. तो अर्ध्यावर टाकून जर्मनीला जाता येत नाही. निकाल लागला की खुशाल जा. बॅग मी स्वतः खाली नेऊन देईन.”

 मग रफीक एकदम उसळला. “नाजीकाका, हा काय पोरखेळ आहे? तिकिटं काढलीत! मी दवाखाना बंद ठेवून आलोय! बाबा, तुम्ही सांगा यांना—”

अबू रफीकने हात वर केला. तो नाजीकडे असं पाहत होता, जसं वर्गात पहिल्या बाकावरच्या पोराने खोडी काढल्यावर मास्तर पाहतो.

“तू माफी मागायला आला होतास,” तो म्हणाला. “मी त्याला हो म्हटलं.”

“तू विचारलं नाहीस. मी विचार म्हणत होतो.”

“कप खाली ठेवलास!”

“माफी कप खाली ठेवून मागायची नसते, उस्ताद,” नाजी म्हणाला.  “तशी मागितली असती तर तुला द्यावीच लागली असती. रिवाज म्हणून. मग ती तुझ्या मनातून आली की कपातून, मला काय कळणार?”  त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. “विदादच्या वेळी मी आलो नाही. तीन दिवस हे बूट घालून दारामागे बसलो, विचार मार्सेलला. ती चूक माझी. सरकारची नाही, तोफांची नाही, तुझ्या पुढाऱ्यांची नाही, माझ्याही पुढाऱ्यांची नाही. दारामागे मी बसलो होतो. आणि तळघरात जे बोललो तेही मीच बोललो. ते खटल्यात घेऊ नकोस, त्याचा निकाल लागलाय. त्याबद्दल तू मला काही दे की देऊ नको. बाकीचं बघू.”

माझ्या नवऱ्याला मी पन्नासहून जास्त वर्षं ओळखते. त्याच्या तोंडून मी एवढं सलग बोलणं फ्रिजच्या कॉम्प्रेसरबद्दलच ऐकलं होतं.

अबू रफीकने एक हात डोळ्यांवर धरला. सलवा त्याच्यामागे जाऊन उभी राहिली, पण तिने त्याला हात लावला नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून ठेवला होता.

“तिला मी सांगितलं होतं तुझ्याबद्दल,” तो हाताआडून म्हणाला. “सायप्रसला. समोर एक बगदादचा गाढव राहतो म्हणून. ती म्हणाली, भांडायला कुणीतरी आहे ना, बरं आहे.” मग त्याने हात खाली घेतला. “इदानचं नाव मी घ्यायला नको होतं. मी त्याला खांद्यावर बसवून बंदरावर फिरवलंय. कसा आहे?”

“घरी आलाय. पायाला लागलं होतं, लंगडतो थोडा. बरा आहे. तुझी चौकशी करतो.”

“आण त्याला.”

“आणतो.”

रफीक अजून दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. “बाबा, सोमवारचं काय?”

 अबू रफीक नाजीकडे वळला. “निकाल लागेपर्यंत?”

“लागेपर्यंत.”

“अरे, म्हणजे मेल्याशिवाय सुटका नाही की माझी.”

“माझीही नाही,” नाजी म्हणाला.

अबू रफीक हसला नाही. तो उठला, कोपऱ्यात बांधून ठेवलेल्या घडीच्या दोन खुर्च्यांची दोरी सोडायला लागला. गाठ पक्की होती, रफीकने मारलेली. नाजी उठून त्याच्या शेजारी वाकला, आणि ते दोघं म्हातारे एकाच गाठीवर नखं घासत राहिले. “अठ्ठेचाळीसपासून धरायचं,” अबू रफीक म्हणाला. “एक्कावन्न,” नाजी म्हणाला.

मी ताट घेऊन चौकात गेले. आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग कपडे बाहेर फेकल्याचा, आणि मग सलवाची हाक ऐकू आली.

“मार्सेल, जरा थांब गं. पितळी भांडं तळाशी गेलंय.”